किलोच्या भावात हरवलेली मजुरी

गुढीपाडव्याच्या आधी पंधरा दिवस परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात पारावर जाऊन बसा. यंदा सालगड्याचा भाव काय निघाला, हे न विचारता कळतं. कुणी कुणाचा गडी फोडला, कुणी रोखीत वाढवून दिलं, कुणी ज्वारी-गहू धरून साल ठरवलं, कुणाच्या अंगावर मागची उचल राहिली, हे सगळं चारचौघांत बोललं जातं. पाडव्याला साल ठरतं आणि एका माणसाच्या वर्षभराच्या कष्टाची किंमत गावाला तोंडपाठ होते. ऊसतोडीच्या कोयत्याचंही तसंच. कारखान्याला जाणाऱ्या जोडीनं मुकादमाकडून किती उचललं, हे दिवाळीच्या आत सगळ्या तांड्याला ठाऊक असतं.

आता त्याच गावच्या फाट्यावर या. पत्र्याची पडवी, खाली काळवंडलेली जमीन, भिंतीला टेकवलेले अँगल आणि चौकोनी पाइप, एक ट्रॉली उलटी करून ठेवलेली. निळ्या उजेडाकडे पाठ करून दोन शेतकरी वाट पाहत बसलेले. मालकाला विचारा, या पोराला काय देता? ‘देतो की. घरच्यासारखाच आहे तो.’ पोराला विचारा. ‘उस्ताद देतात लागतील तसे.’ दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनाही खरोखरच आकडा सांगता येत नाही.

त्या न सांगता येणाऱ्या आकड्यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या नऊ तालुक्यांत वेल्डिंगचं काम कोण करतं, ते या कामात कसे आले, त्यांच्या हातात काय पडतं आणि कितव्या वर्षी ते हातातला होल्डर खाली ठेवतात, एवढाच या पुस्तकाचा विषय. ज्यांनी आपला हिशेब मोकळेपणानं सांगितला त्यांची नावं दिलेली नाहीत. मजुरीचा आकडा नावासकट छापला की उद्या त्याच दुकानात उभं राहणं अवघड होतं, हे त्यांनीच सांगितलं आणि ते मला पटलं.

सुरुवातीलाच एक प्रश्न येतो, तो टाळून पुढे जाता येत नाही. जिल्ह्यात वेल्डर किती? २०११च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. त्यातल्या शेतकऱ्यांचा आकडा मिळतो, शेतमजुरांचा मिळतो, घरगुती उद्योगातल्यांचा मिळतो. बाकी सगळे ‘इतर कामगार’ या एका पोत्यात. शिक्षक, वाहनचालक, न्हावी, हमाल आणि वेल्डर सगळे त्याच पोत्यात. देशाच्या व्यवसाय वर्गीकरणात वेल्डर आणि गॅसकटर यांना ७२१२ असा स्वतंत्र क्रमांक आहे, जगभरच्या वर्गीकरणातही तोच आहे. म्हणजे खण तयार आहे, त्यात माणसं टाकायची राहिली आहेत. केंद्राचं श्रमबळ सर्वेक्षण २०१७-१८पासून नियमित होतं, पण ते नमुना सर्वेक्षण आहे. त्यातून राज्याचं चित्र दिसतं, मानवतच्या रस्त्यावरचं दुकान दिसत नाही. शेवटची आर्थिक गणना ज्यावरून काही बोलता येतं ती २०१३ची, सहावी. त्यानंतर या धंद्यात मशीन बदललं, माल बदलला, माणसं बदलली.

हा आकडा न मिळण्याचं दुसरं कारण दुकानाच्या आकाराचं. कर्मचारी राज्य विमा योजना लागू व्हायला दहा माणसं लागतात. फाट्यावरच्या दुकानात उस्ताद, एखादा मिस्त्री आणि एक-दोन पोरं. भविष्य निर्वाह निधीचं दप्तर, विम्याचं दप्तर, कारखाना निरीक्षकाचं दप्तर या सगळ्यांच्या चाळणीतून ते खाली गळतं. जी माणसं कुठल्याच दप्तरात नाहीत, त्यांच्या मजुरीवर कुणी बोलत नाही.

हा धंदा जिल्ह्यात आला कुठून, हे थोडं सांगायला हवं, कारण आजचा कामगार कोण आहे याचं उत्तर त्यात दडलेलं आहे. निजामाच्या राज्यात, विसावं शतक उजाडताना, गोदावरीच्या खोऱ्यातून मीटर गेज रेल्वे आली. पूर्णा जंक्शन झालं, तिथं लोको शेड आलं. वाफेच्या इंजिनाभोवती फिटर, बॉयलरवाले, लोहार अशी माणसं गोळा झाली आणि लोखंडाचं कारखानी काम या भागानं पहिल्यांदा तिथं पाहिलं. बाकी जिल्ह्यात लोखंड म्हणजे गावचा लोहार आणि त्याचा भाता. तिफणीचे फण, वखराची पास, कुऱ्हाड, विळा. मोबदला बलुत्यात, खळ्यावर. स्वातंत्र्यानंतर देशात वेल्डिंगच्या रॉडचं उत्पादन सुरू झालं. मुंबईची अडवानी-ओर्लिकॉन ही कंपनी १९५१ची. पण मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी मशीन पोचायला वीज आणि ट्रॅक्टर, दोन्ही यावे लागले. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ झालं. बैलाच्या ओढशक्तीच्या वापरावर तिथं वर्षानुवर्षं संशोधन चालू आहे आणि सुधारित अवजारं तयार झाली. पण शेतकऱ्याच्या बांधावर अवजार पोचवण्याचं, ते तुटलं की जोडण्याचं आणि जमिनीप्रमाणं इंचभर पुढेमागे करण्याचं काम फाट्यावरच्या वेल्डरनं केलं. काळ्या चिकण जमिनीत पेरणी यंत्राचा दात कुठं वाकतो, हे त्याला माहीत आहे. ते त्यानं कुठं लिहून ठेवलेलं नाही.

या कामाचं वर्ष शेतीबरोबर फिरतं. मृगाच्या तोंडावर पेरणी यंत्रं, नांगर, रोटाव्हेटरची पाती. त्याच सुमाराला पावसाच्या भीतीनं पत्र्याचे शेड. मग श्रावण-भाद्रपदात शांतता, गावात कुणाच्या हातात पैसा नसतो. पोळा झाला की ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या आणि टायरगाड्या यायला लागतात, कारण कारखान्याचा बॉयलर पेटायच्या आत सगळं तयार लागतं. कापूस आला की जिनिंगची दुरुस्ती. तुळशीचं लग्न झालं की आंदणाची कपाटं आणि लोखंडी पलंग. घरकुलाचे हप्ते सुटले की दारं-खिडक्या. कापसाला भाव मिळाला तर गेट होतं, नाही मिळाला तर वाड्याला पुढच्या वर्षापर्यंत काटेरी फांदी लावलेली असते. वेल्डरच्या मजुरीचं मूळ शोधत गेलात तर तुम्ही मोंढ्यात पोचता.

आता मशीनबद्दल. या पुस्तकातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा बदल माणसात आधी झाला नाही, मशीनमध्ये झाला. जुना ट्रान्सफॉर्मर तेलाचा, दोन माणसांना न उचलवणारा, चाकांवरून ओढायचा. त्याला दोन फेज लागत, वेगळं कनेक्शन लागे, गावात रात्री सिंगल फेज असली की तो मुका. तो घ्यायला कर्ज काढावं लागे. त्यामुळं तालुक्याच्या गावी दोन-चार उस्ताद असत आणि प्रत्येकाच्या हाताखाली सहा-सात पोरं. पोरगं आठ-आठ वर्षं राही, कारण बाहेर पडून करणार काय? मग इन्व्हर्टर मशीन आलं. पट्ट्यानं खांद्याला अडकवता येतं, मोटारसायकलच्या टाकीवर ठेवून शेतात नेता येतं, घरच्या सिंगल फेजवर चालतं. किंमत हप्त्यावर परवडेल अशी. दोन वर्षं ग्राइंडर चालवलेलं पोर आता मशीन घेतं, ‘अमुक वेल्डिंग वर्क्स’ अशी पाटी रंगवतं आणि जिथं शिकलं त्याच रस्त्यावर दुकान टाकतं.

याकडे स्वातंत्र्य म्हणून पाहणारे आहेत आणि ते चूक नाहीत. दुसऱ्याच्या पडवीत म्हातारा होण्यापेक्षा स्वतःच्या पत्र्याखाली उभं राहणं केव्हाही बरं. पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुकानं वाढली, काम तेवढंच राहिलं. एकेका दुकानातली माणसं कमी झाली. शिकण्याची वर्षं कमी झाली. आणि नवा दुकानदार गिऱ्हाईक ओढायला एकाच गोष्टीत उतरू शकतो: किलोच्या भावात. लोखंडाचा भाव त्याच्या हातात नाही, रॉडचा नाही, विजेचा नाही. उतरते ती मजुरी. मालक आणि मजूर एकच माणूस झाल्यावर ही मजुरी उतरवल्याची तक्रार तो कुणाकडे करणार?

किलोचा भाव म्हणजे काय, हे ज्यांनी कधी गेट करून घेतलेलं नाही त्यांच्यासाठी उलगडून सांगतो. गेट, ग्रील, शेडची कैची हे सगळं वजनावर ठरतं. माल गिऱ्हाइकाचा असेल तर किलोमागे नुसती मजुरी. हिशेब कळावा म्हणून आकडे धरू. शंभर किलोचं गेट, किलोला तीस रुपये मजुरी, म्हणजे तीन हजार. त्यातून रॉडचे पुडे, कटिंगची चाकं, ग्राइंडिंगची चाकं, लाईट, रेड ऑक्साइड, टेम्पो यांचे सातशे काढले. राहिले तेवीसशे. दोघांनी दोन दिवसांत काम संपवलं तर माणशी रोज पावणेसहाशे पडला. पण घरमालकाचे खांब ओळंब्यात नसले, बिजागरी दोनदा कापून लावावी लागली, दुपारची लाईट गेली आणि काम चार दिवसांवर गेलं, तर तोच रोज दोनशे सत्त्याऐंशीवर येतो. महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साली ३१२ रुपये होती. एकाच भावानं केलेल्या एकाच वजनाच्या कामात कसलेला वेल्डर एका आठवड्यात हमीच्या मजुरापेक्षा बराच वर असतो आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या खाली. किलोच्या भावात वेळ दिसतच नाही. म्हणून पोराला आकडा सांगता येत नाही आणि उस्तादालाही.

याहून वाईट एक गोष्ट आहे. वजनाचा भाव कसबाच्या उलट चालतो. जाड अँगल जोडायला सोपा. दहा नंबरचा रॉड लावा, करंट वाढवा, ओढत न्या. वजन मोठं, पैसे मोठे. अठरा गेजचा पातळ पाइप जोडायचा तर बारा नंबरचा रॉड, करंट अगदी बेताचा, हात हलका, टाका टाका करत जायचं. क्षणभर रेंगाळलात की भोक पडलं. भोक बुजवायला अर्धा तास. आणि वजन? पाइप पोकळ, काट्यावर काहीच येत नाही. देवघराची जाळी, जिन्याच्या कठड्यावरची वेल, दारावरचा मोर करायला सगळ्यांत जास्त डोळा आणि हात लागतो, आणि किलोनं मोजलं तर सगळ्यांत कमी मिळतं. सेलूच्या एका जुन्या कारागिरानं मला त्याच्या तरुणपणी केलेला कठडा दाखवला. पानाच्या प्रत्येक शिरेवर त्यानं कानस मारलेली होती. जोड कुठं आहे हे बोट फिरवूनही कळत नव्हतं. आता असं काम करता का, म्हणून विचारलं. ‘आता कोण करतो? काट्यावर पान चढत नाही,’ एवढंच म्हणाले आणि पत्र्यावरची धूळ झटकून कठडा पुन्हा झाकून ठेवला.

कायदा याबाबतीत मुका नाही. १९४८च्या किमान वेतन कायद्यातच कामाच्या नगावर मजुरी ठरवण्याची आणि नगावर काम करणाऱ्यालाही वेळेप्रमाणं किमान हमी देण्याची तरतूद होती. अभियांत्रिकी उद्योग महाराष्ट्रात अनुसूचित रोजगारांत येतो. त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा पायऱ्या आहेत आणि महागाईप्रमाणं विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. आता तो कायदा जाऊन २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली आहे. तरतुदी कागदावर आहेत. मला जिल्ह्यात भेटलेल्या वेल्डरांपैकी एकालाही विशेष भत्ता हा शब्द ठाऊक नव्हता. त्यात त्यांचा दोष नाही. ज्याची हजेरी कुठं लागत नाही त्याला भत्ता कशावर देणार?

हे काम करणारी माणसं कोण, या प्रश्नाचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी सोपं होतं. लोखंड हे लोहारांचं, पांचाळांचं आणि पाल टाकून फिरणाऱ्या घिसाड्यांचं. शहरात आणि तालुक्याच्या गावी गॅरेज, बॉडी, कूलर, कपाट या कामांत मुस्लिम कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ‘उस्ताद’ हा शब्द सगळ्या जातींच्या पोरांच्या तोंडी आहे, तो तिथूनच आला. आता तिसरा लोंढा मोठा आहे: दोन-तीन एकर कोरडवाहू असलेल्या किंवा काहीच नसलेल्या घरांतली मुलं, सगळ्या जातींची. सोयाबीनवर घर चालत नाही आणि पुण्याला खोलीचं भाडं परवडत नाही, म्हणून ती या कामात येतात. ज्या कामाला कालपर्यंत जात होती, ते आज कुणीही करतो, हे मला या धंद्याचं मोठं सामाजिक देणं वाटतं. पण या मोकळेपणाबरोबर एक गुंता आला. १७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यात लोहार आहे. प्रशिक्षणाचं विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार, पाच टक्क्यांनी आधी एक लाख आणि नंतर दोन लाखांचं कर्ज. यादीत वेल्डर या नावाचा व्यवसाय नाही. लोहाराचा नातू वेल्डिंग करतो आणि अर्जावर आजोबांचा धंदा लिहितो. ज्याचा आजोबा लोहार नव्हता, त्यानं काय लिहायचं?

बायकांबद्दल या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे, ते लहान आहे आणि मला त्याची खंत आहे. घिसाड्यांच्या पालावर आजही जाऊन पाहा. नवरा सांडशीत लाल लोखंड धरून ऐरणीवर फिरवतो आणि घण मारते ती बाई. कडेवरचं पोर खाली ठेवून मारते. लोखंडाचं सगळ्यांत जड काम या भागात बायकांनी केलेलं आहे. भात्याच्या जागी मशीन आलं, अंगमेहनत कमी झाली, आणि नेमकी तेव्हा बाई या कामातून बाहेर गेली. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात, पण वेल्डरच्या वर्गात मुलगी क्वचित दिसते. दुकानामागे मात्र ती दिसते: तयार गेटवर रेड ऑक्साइडचा हात मारताना, उधारीची वही सांभाळताना, गिऱ्हाइकाला फोन लावताना. जिंतूरच्या रस्त्यावर एका दुकानात बाईंनी मला वही काढून दाखवली. कुणाचं किती राहिलं ते महिनावार, नीट रेघा मारून. नवऱ्याचा रोज त्या वहीत नव्हता आणि त्यांचा स्वतःचा तर नव्हताच. ‘आमचं काय लिहायचं, राहिलेलं ते आपलं,’ त्या म्हणाल्या.

शिकण्याच्या दोन वाटा आहेत. एक उस्तादाची. पहिलं वर्ष झाडू, चहा आणि ब्रश, दुसरं वर्ष ग्राइंडर, मग टाका, मग लांब शिवण. दुसरी वाट आयटीआयची. वेल्डर हा तिथला एक वर्षाचा ट्रेड, आठवी पास मुलालाही प्रवेश मिळतो. वर्ष संपलं की शिकाऊ उमेदवारी. २०१९च्या दुरुस्तीनं शिकाऊ उमेदवारांचं विद्यावेतन किमान ५ हजार ते ९ हजारांच्या टप्प्यांत ठरवलं. पण उमेदवारीच्या जागा जिथं मोठे कारखाने तिथं: वाळूज, चाकण, भोसरी. परभणीच्या स्टेशनवर रात्री गाडीत बसणाऱ्या पोरांच्या बॅगेत प्रमाणपत्र असतं. त्या विद्यावेतनात खोली, मेस आणि बस बसवायची असते. सहा महिन्यांत अनेक जण परत येतात आणि गावात त्यांच्याकडे ‘टिकला नाही’ म्हणून पाहिलं जातं. कारखान्यात हातात दांडीचा रॉड नसतो, सीओटूची गन असते, मोटारीच्या सांगाड्याचे टाके रोबो मारतो. गावात शिकलेला हात तिथं पुन्हा पहिल्यापासून शिकतो आणि त्या काळात तो कंत्राटदाराच्या हजेरीवर हेल्पर असतो. शेजारच्या लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. तिथं स्टेनलेस स्टीलचं काम आहे. आमच्या आयटीआयच्या मुलांना त्या कामाची तयारी इथंच करून देणं हे अशक्य कोटीतलं नाही.

आखाताची वाटही आहे. तिथं पाइपचा वेल्डर लागतो. परीक्षा सिक्स-जीची: पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बांधलेला, तो फिरवायचा नाही, वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. ती पास होणाऱ्या माणसाला चांगला पगार मिळतो. पण दहावी नसलेल्याच्या पासपोर्टला स्थलांतराची परवानगी लागते. आयटीआयच्या दोन वर्षांच्या पदविकेला त्यातून सूट आहे, वेल्डरचा ट्रेड मात्र एक वर्षाचा. या एका वर्षाच्या फरकानं किती मुलं दलालाच्या दारात गेली असतील, याचा विचार धोरण ठरवणाऱ्यांनी करावा.

वयाचा प्रश्न डोळ्यांपासून सुरू होतो. आर्क डोळ्याला लागला की लगेच काही कळत नाही. रात्री दहा-अकराला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उशी ओली होते. घरात बटाट्याच्या चकत्या ठेवतात. सकाळी पोरगं लाल डोळ्यांनी पुन्हा दुकानात. काळी काच स्वस्त असते, पण टाका मारायला ती दर वेळी खाली घ्यावी लागते आणि किलोच्या हिशेबात तेवढा वेळ जड जातो. धुराचं तर कुणी मनावरही घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगच्या उजेडातली अतिनील किरणं यांना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडल्यावर रात्री थंडी वाजून ताप येतो तो जस्ताच्या वाफेचा. आमच्याकडे त्यावर गूळ आणि दूध. चाळिशी ओलांडली की जवळचं दिसेनासं होतं, शिवण वाकडी जाते, आणि ज्याला कधी पगारपत्रक नव्हतं त्याला निवृत्तिवेतनही नसतं. तो मग मोजमाप घेतो, भाव ठरवतो, चहा सांगतो. ज्याला स्वतःचं दुकान नाही, तो रात्रपाळीचा वॉचमन होतो.

यातून काही निघण्यासारखं आहे का? आहे, आणि त्याला नवा कायदाही लागत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगारांच्या नोंदणीत दारं, खिडक्या, ग्रील बनवणं आणि बसवणं हे काम धरलेलं आहे. अट अशी की वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र हवं, वय अठरा ते साठ. हे प्रमाणपत्र मिळवण्यात घोडं अडतं, कारण मालक म्हणतो, मी कुठं मालक आहे, मीही तुझ्यासारखाच. वर्षानुवर्षं काम करून शिकलेल्याची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनांत आहे. ती आमच्या बाजारपेठेपर्यंत, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुकानाच्या दारात आली पाहिजे. आणि गिऱ्हाईक म्हणून आपण एक गोष्ट आजच करू शकतो. गेट ठरवताना मालाचा भाव किलोनं लावा, मजुरी मात्र दिवसावर किंवा कामावर वेगळी ठरवा, आणि ती पावतीवर लिहायला लावा. नक्षीचं काम सांगत असाल तर त्याचा मोबदला वजनावर ठरवू नका. दुकान चालवणाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या मुलाची हजेरी एका साध्या वहीत मांडावी, नव्वद दिवस तिथूनच मोजता येतात.

शेवटचं मागणं वेल्डर वाचकांकडे आणि त्यांच्या घरच्यांकडे आहे. जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे पुढची जनगणना १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. त्या सुमारास गावचे गुरुजी किंवा बाई कागद किंवा मोबाइल घेऊन दारात येतील आणि घरातला माणूस काय काम करतो, असं विचारतील. आजवर आपण ‘मजुरी करतो’ किंवा ‘दुकानात जातो’ असं सांगत आलो आहोत. या वेळी ‘वेल्डर’ असं सांगा, आणि तेच लिहिलं का, ते बघून घ्या.